तुम्हाला न चालणारी सुई

द्वारकाताई, काल तुमची तेरवी झाली आणि मी सांगून टाकलं. रागवायचं असेल तर रागवा. तुम्हीच म्हणाला होतात, "मी आहो तवापर्यंत तोंड उघडू नको, मंग काय करायचं ते कर." तुम्ही आता नाही, म्हणून उघडलं. आणि खरं सांगते, इतकं हलकं वाटतं आहे, की तेरवीच्या दुसऱ्या दिवशी माणसाला इतकं हलकं वाटावं का, याचीच थोडी लाज वाटते.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला भाजी चिरत होते. तशीच निघाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, तरी रडू आलं नाही. नांदगाव खंडेश्वर ओलांडून आपल्या गावाचा फाटा आला, तरी डोळे कोरडेच. तुमची सून सांगत होती, "जेवण करून फुलं निवडत बसल्या होत्या. मले म्हणे, चहा टाक. मी चहा घेऊन आली तर पोत्याले टेकून झोपल्या दिसल्या. मी हाक मारत राहिली." बस, एवढंच. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कोणाला धावपळ नाही. मांडीवर शेवंती होती म्हणे.

तुम्हाला आंघोळ घालताना पाय मी धुतले. मुद्दाम मागून घेतले. उजव्या पायाची करंगळी तेवढी नाही, तिथे गुळगुळीत खूण आहे. बाकी दोन्ही पाय धड, टाचा भेगाळलेल्या, नखांत काळी माती. मी त्या पायांना हळद लावली आणि तेव्हा कुठे रडू फुटलं. बायका म्हणाल्या, जावाजावांचं लय होतं. होतंच. पण त्या रडण्यात अर्धं समाधान होतं, ते त्यांना कुठून कळणार? ज्या दोन पायांनी या घरात आलात त्याच दोन पायांनी निघालात. मधे एक वेळ अशी आली होती, की त्यातला एक पाय दवाखान्यातच राहायचा होता.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही मला चूल दाखवली, विहीर दाखवली, सासूबाईंच्या मर्जीच्या वस्तू दाखवल्या आणि म्हणालात, "अन् मले पेन्सिलीन चालत नाही." बाकीच्या बाया माहेरची श्रीमंती सांगतात, तुम्ही हे सांगितलंत. मला आधी वाटलं, खाण्याची काही वस्तू असेल. मग कळलं की नवी नवरी असताना तुम्हाला ती सुई टोचली आणि तुम्ही जागच्या जागी पडलात. डॉक्टरच घाबरला म्हणे. तेव्हापासून घरात कोणाला पडसं झालं तरी सासूबाई डॉक्टरला दारातूनच बजावायच्या, "आमच्या मोठ्या सुनेले पेन्सिलीन चालत नाही जी!" पुढे तुमचा संजू शाळेत जायला लागला तर त्यालाही चालेनासं झालं. त्याला कधी कोणी देऊन पाहिलं नव्हतं, पण आईला नाही म्हणजे लेकराला नाही. हळूहळू आपल्या अख्ख्या घरालाच पेन्सिलीन चालेनासं झालं. गावात कोणाकडे गोऱ्हे असतात, कोणाकडे ट्रॅक्टर असतो, आपल्याकडे हे होतं.

मी तेव्हाच तुमच्याशी वाद घातला होता. "पडल्या म्हणजे काय झालं नेमकं? अंगावर काही उठलं का?" तुम्ही शेवंतीच्या वाफ्यातून मानही वर न करता म्हणालात, "तुले काय करायचं? पडली मंजे पडली." अकोल्याची पोर, शिकलेली, म्हणून शंका काढते, असं तुमचं मत होतं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आता त्या पायाचं. फुलांच्या वाफ्यात चप्पल घालायची नाही, हा आपल्या घरचा नेम. देवाला जाणारी फुलं, त्यांच्यात चप्पल कशी न्यायची? झेंडू, शेवंती, निशिगंध, सगळीकडे तुम्ही अनवाणी. कुंपणाच्या बाभळीचा काटा कधी पायात गेला ते तुम्हाला कळलंच नाही, कारण साखरेच्या दुखण्यानं तळवे केव्हाच बधिर झाले होते. कळलं तेव्हा हळद आणि चुना लावून चिंधी बांधलीत. अमरावतीच्या राजापेठेत फुलांचा ढीग लावून दिवसभर बसलात, त्या चिंधीवर. करंगळी काळी पडली, सूज घोट्यापर्यंत चढली, अंग तापलं, तेव्हा संजूनं उचलून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. पण भरती करतानाच तुम्ही आणि संजू दोघांनी एका आवाजात सांगितलं होतं, पेन्सिलीन चालत नाही. मग त्यांनी त्या कुळातलं सगळंच बाजूला ठेवलं. दुसरी औषधं दिली. पू थांबेना. घोट्याच्या वर लाली चढायला लागली तेव्हा त्यांनी संजूला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चढत राहिलं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, मोठ्या ठिकाणी दाखवायचं तर आताच दाखवा. संजूनं मला फोन केला आणि तुम्ही अकोल्याला आलात.

गाडीतून उतरवताना तुमचं पहिलं वाक्य मला अजून ऐकू येतं. "पाय कापला तं मी वाफ्यात कशी जाईन वं?" मेले तर, असं नाही म्हणालात. वाफ्यात कशी जाईन. तुम्हाला तेवढंच पडलं होतं.

अकोल्याची ती डॉक्टरीण आठवते ना? बारीक चणीची, केस करकचून बांधलेली, तुम्ही तिला पाहून माझ्या कानात म्हणालात, "हे तं पोरगी आहे." तिनं पाय पाहिला, पुवाची तपासणी पाहिली, तुमची लघवी, रक्त सगळं पाहिलं आणि स्टूल ओढून तुमच्याजवळ बसली. म्हणाली, "आजी, या जंतूंवर चांगलं लागू पडेल असं एक इंजेक्शन आहे. दोन औषधं एकत्र असतात त्यात. पण त्यातलं एक पेन्सिलीनच्या घरातलं आहे. दुसरी काही औषधं आहेत, पण एक तुमच्या मूत्रपिंडाला झेपणार नाही आणि एक आम्ही अगदीच काही उरलं नाही तर वापरायला राखून ठेवतो. म्हणून मला नीट सांगा, तेव्हा काय झालं होतं? अंगावर पित्त उठलं? ओठ सुजले? श्वास कोंडला?"

तुम्ही प्रत्येकाला नाही म्हणालात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलात. तेवढ्यात दवाखान्याचे कागद भरून संजू दारात आला, त्याला म्हणालात, "जाय रे, डॉक्टरीणबाईसाठी चहा घेऊन ये." तो गेल्यावर दाराकडे पाहिलंत. सासूबाई जाऊन जमाना झाला होता, ताई, तरी तुम्ही दाराकडे पाहिलंत.

"तवा माह्या पोटात काही नव्हतं," तुम्ही म्हणालात.

आणि मग सगळं सांगितलंत. लग्नानंतरची तुमची पहिली हरतालिका होती. निर्जळी. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणून फुलांचा तोडा जोरात, तुम्ही पहाटेपासून उन्हात झेंडू तोडत होतात, काखेत गळू ठणकत होतं आणि अंगात ताप. सासूबाई आणि भासरे, माझे थोरले दीर, तुम्हाला बैलबंडीत घालून नांदगावला घेऊन गेले. डॉक्टरनं सुई भरली आणि विचारलं, जेवली ना? तुम्ही तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हो जी, जेवली." नाही म्हटलं असतं तर त्यानं तिथेच बिस्किट खायला लावलं असतं आणि पहिलीच हरतालिका मोडली असती. नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न. सुई टोचली, तुम्ही धाडकन बाकावरून खाली. पुढे कोणी काय बोलायचं? उपवासाला दोष द्यायचा नव्हता, म्हणून सुईला दिला.

"म्या सासूबाईले खोटं पाडू का?" तुम्ही मला विचारलंत, जणू मीच आरोप केला होता. "अन् मी पडली तरी पाण्याचा थेंब पोटात जाऊ नाही देल्ला. एक थेंब नाही. उपास पुरा केला." भरल्या डोळ्यांनी, तापलेल्या अंगानं, कापायला टेकलेला पाय समोर ठेवून तुम्ही हे अभिमानानं सांगत होतात. मला तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटलं आणि तुमच्या पाया पडावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

डॉक्टरीण हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, बरं झालं सांगितलंत. हेही म्हणाली, की ज्यांना खरंच चालत नाही त्यांना हे औषध जिवावर बेतू शकतं, म्हणून नुसत्या बोलण्यावर ती देणार नाही, तपासून देईल, आणि घरी कोणी असले प्रयोग करायचे नाहीत. मग तुमच्या हाताच्या कातडीत अगदी थोडं टोचलं. वाट पाहिली. तुम्ही त्या फुगवट्याकडे असं टक लावून बघत होतात, की आता त्यातून साप निघेल. काही झालं नाही. मग जरासं औषध शिरेतून, डॉक्टरीण जवळच उभी, तातडीची सगळी तयारी बाजूच्या ट्रेमध्ये. तुम्ही माझा हात धरला होता. तुमची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मी तुमचे ओठ, तुमचा श्वास बघत होते. मग डॉक्टरीण म्हणाली, "आजी, कसं वाटतं?" आणि तुम्ही म्हणालात, "भूक लागली."

तेव्हा जो सुटकेचा निःश्वास माझ्या पोटातून निघाला, ताई, तो आठवला की अजून खांदे खाली येतात.

नंतर नर्स ती छोटी बाटली घेऊन यायची, आत पांढरी भुकटी. त्यात पाणी सोडून ती दोन्ही तळव्यांत घोळवायची, विरघळलं की सलाईनमध्ये. दिवसातून काही काही तासांनी. तुमची तक्रार सुरू झाली, "हे कायची सुई? हे तं पाणी चढवून राहिले." आणि मग तुमचा मुख्य प्रश्न, "दोन औषधं एकत्र काहून? एकानं भागत नाही?" डॉक्टरणीनं समजावलं, की पेन्सिलीन जंतूंना मारतं, पण हे जंतू हुशार झाले आहेत, ते असं काहीतरी सोडतात की पेन्सिलीनच मोडून पडतं. म्हणून सोबत दुसरं औषध असतं. जंतूंचा तो मारा ते स्वतःवर घेतं आणि पेन्सिलीनला काम करायला मोकळं ठेवतं. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि मला म्हणालात, "मंजे टमाट्याच्या कडेचा झेंडू." आपण टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावतो, अळी झेंडूवर जाते, टोमॅटो वाचतो. डॉक्टरणीला ते मी समजावून सांगितलं. तिला आवडलं. पुढच्या पेशंटला सांगेन म्हणाली.

करंगळी गेली. ती आधीच गेली होती. पण लाली खाली उतरायला लागली, ताप तुटला, जखम स्वच्छ लाल दिसायला लागली. रोज ड्रेसिंग उघडताना मी श्वास रोखून धरायचे आणि रोज थोडी बरी बातमी निघायची. एक दिवस डॉक्टरीण म्हणाली, "पाय वाचला, आजी." तुम्ही कॉटवरूनच कौंडण्यपूरच्या दिशेला, म्हणजे तुम्हाला जी वाटली त्या दिशेला, हात जोडलेत. ती दिशा चुकली होती.

यावरून आपलं जे सुरू झालं ते काही संपलं नाही. तुमचं म्हणणं, पाय रुक्मिणीनं वाचवला, तिचं माहेर आहे कौंडण्यपूर, माहेरवाशिणीचं दुःख तिला कळतं. माझं म्हणणं, पाय त्या पांढऱ्या भुकटीनं वाचवला आणि तुम्ही त्या दिवशी खरं बोललात त्यानं वाचवला. "मंग मले खरं बोलायची बुद्धी कोणं देल्ली?" असं म्हणून तुम्ही जत्रेला चालत गेलात, वर्धा नदीत पाय बुडवून आलात आणि ते ओले पाय मला दाखवलेत. उत्तर मी अजून शोधते आहे. सापडलं तरी आता कोणाला देऊ?

डॉक्टरणीनं अनवाणी चालायला सक्त मनाई केली होती. त्यावरही भांडण झालं आणि तुम्हीच तोड काढलीत. फुलांसाठी वेगळी चप्पल आणलीत, तिच्यावर तुळशीचं पाणी शिंपडलंत आणि ती फक्त वाफ्यात घालायची, इकडे तिकडे नाही. रोज धुवून देवघराच्या पायरीखाली ठेवायचात. ती अजून तिथेच आहे. सुनेला मी सांगितलं, राहू दे.

पण जे सांगायचं ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. डॉक्टरणीनं निघताना बजावलं होतं, घरी सगळ्यांना सांगा की तुम्हाला पेन्सिलीन चालतं. तुम्ही मान डोलावलीत. आणि घरी येऊन म्हणालात, "हे पेन्सिलीन नोहे, हे दोन औषधांचं मिश्रण आहे. नवीन निंघालं." भांडी घासताना तुम्हाला धरलं तर म्हणालात, "सासूबाई डॉक्टरसमोर खोटं बोलल्या असं पोराले सांगू? अन् ह्याईले काय वाटीन?" हे म्हणजे तुमचे मालक, माझे भासरे. मग तुम्ही मला ती शपथ घातलीत. तुम्ही आहात तोवर.

काल जेवणं झाली, पाहुणे ओसरीवर बसले होते. संजूची सई घशाच्या दुखण्यानं आत पडून होती, घशात पू झाला आहे, ताप उतरत नाही. संजू कोणाला तरी सांगत होता, "डॉक्टर जे द्यायचं म्हणे ते मी नाई म्हटलं. पेन्सिलीनपैकी होतं. आमच्या घरात चालत नाही न, आईले पाह्यलं ना." त्यानं अगदी सहज सांगितलं. बाहेर तुमचा हार घातलेला फोटो, आत तुमची नात तापानं फणफणलेली.

मी पदर खोचला आणि सांगितलं. हरतालिका, झेंडूचा तोडा, नांदगावचा बाक, सासूबाईंचं "जेवली," अकोल्याचं तपासून दिलेलं इंजेक्शन, सगळं. हेही सांगितलं, की तुमचा पाय ज्यानं वाचला ते पेन्सिलीनच्याच घरातलं होतं. सासूबाईंबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, ताई. तुम्ही उगाच भ्यालात. संजू लाल झाला, मग उठून बाहेर गेला आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरांनी सईला परत बोलावलं, सगळं नीट विचारलं, औषध बदलून दिलं, समोर बसवून पहिला डोस दिला. आज दुपारी तिनं खिचडी मागितली.

पण हे सांगायला मी लिहायला बसले नाही. पुढचं ऐका.

भासरे कोपऱ्यात बाजेवर बसून होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, मला वाटलं, त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल. ते म्हणाले, "तिनं पाण्याचा थेंब नाही घेतला म्हणे?"

"असं त्याच म्हणायच्या, भाऊजी," मी म्हटलं.

"म्या पाजलं होतं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते जमिनीकडे बघत बोलत होते. "माय बजारात थांबली होती, पूजेचं सामान घ्यायले. मी एकटाच हिले बंडीत टाकून घरी आणून राहिलो होतो. रस्त्यात हिचे ओठ पांढरे पडले. मी भेलो. विहिरीवर बंडी थांबवली अन् ओंजळीनं पाजलं. चांगलं घटाघटा पेली. मंग पुन्हा डोये लावले. घरी आल्यावर उठली."

संजू म्हणाला, "बाबा, मंग सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? तिले वाटे, तिच्या उपासानं मी जगून राहिलो. जवा तवा माह्याकडं पाहे अन् खुश होये. वाटू देल्लं."

ताई, आयुष्यभर तुम्ही जो उपवास जपलात, ज्याच्यासाठी पाय घालवायला निघाला होतात, तो त्याच दिवशी विहिरीवर मोडला होता. आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांनीच मोडला. तरी बघा, माणूस शेतात जातो, काठी टेकत का होईना, आणि काल दोन लाडू खाल्ले त्यांनी. मला हसू आलं, मग सुनेला, मग संजूलाही. तेरवीच्या दिवशी आपल्या ओसरीवर सगळे डोळे पुसत हसत होते.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर भासरे उठले. माठातून पाण्याचा पेला भरून घेतला आणि तो तुमच्या फोटोसमोर ठेवला. थोडं सांडलं. मी मागेच उभी होते, त्यांना माहीत नव्हतं.

"घे वं," ते म्हणाले. "आता सांगून पाजून राहिलो."